अळिंबी, लखनौ व अवध परिसरातील

लखनौ शहर, गोमतीकाठचा सपाट मुलूख आणि उत्तरेकडील तराईची सालवने येथे पावसाळ्यात उगवणारी खाद्य अळिंबी (भूछत्रे) व तिची घरगुती लागवड. अळिंबीत हरितद्रव्य नसल्याने ती आयत्या अन्नावर जगते. ते अन्न ती कोणाकडून घेते यावरच ती रानातून आणावी लागणार की घरात पिकवता येणार हे ठरते. प्रस्तुत नोंदीतील विभागणी म्हणून रंगरूपावर न करता पोषणाच्या रीतीवर केली आहे.

नावे : खेड्यांतून भुइंफोड, धरती का फूल, कुकुरमुत्ता, बाजारात मशरूम. विदर्भातील सात्या व टेकोडे, कोकणातील अळंबी आणि गोव्यातील रोयण ओळमी ही नावे मुख्यतः पुढील गटाला लावली जातात.

वाळवीच्या आश्रयाची अळिंबी : चवीसाठी सर्वाधिक वाखाणला जाणारा गट. प्रजाती टर्मिटोमायसीस, ती फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये स्थापन केली. त्यांचेच नाव धारण करणारी टर्मिटोमायसीस हाइमी ही जाती के. नटराजन यांनी १९७९ मध्ये दक्षिण भारतातील नमुन्यांवरून वर्णिली. ओडोन्टोटर्मिस प्रजातीची कामकरी वाळवी पालापाचोळा व लाकूड खाऊन ते अर्धवट पचलेल्या विष्ठेच्या रूपात वारुळात रचते. त्यातून सच्छिद्र, मेंदूसारखा घडीदार गोळा तयार होतो आणि त्यावर कवकाचे तंतू वाढतात. कवक लाकडातील चिवट भाग फोडते आणि वाळवी ते मऊ झालेले अन्न तसेच तंतूंवर आलेल्या पांढऱ्या गाठी खाते. पावसाने जमीन खोल ओलावली की याच गोळ्यातून अळिंबी वर निघते. छत्राच्या मध्यावर टणक, टोकदार उंचवटा असतो व तो माती भेदतो. दांडा जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या कोठीपर्यंत गेलेला असतो. उपटताना हात जड लागतो तो त्यामुळे, आणि ओळखीची सर्वांत भरवशाची खूणही हीच. जाणकार अळिंबी माती सैल करून अलगद काढतात, कारण खाली कोठी शाबूत राहिली तर पुढच्या वर्षी त्याच जागी पीक येते. अशा जागा घराबाहेर सांगितल्या जात नाहीत. अवधातला शेतकरी आणि भंडाऱ्याकडचा शेतकरी या बाबतीत सारखाच. छत्र उमलण्यापूर्वी तोडलेली अळिंबी उत्तम. उमललेली एका दिवसात किडते.

या अळिंबीचे तंतू प्रयोगशाळेत वाढतात, परंतु वारूळ व वाळवी यांच्याविना छत्रे धरवण्यात भरवशाचे यश आलेले नाही. तिचे ‘बियाणे’ विकणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे.

सालवनातील कटरुआ : लखीमपूर खेरी, पिलीभीत, बहराइच या तराईच्या जिल्ह्यांत साल वृक्षांखाली, मातीच्या थराआड वाढणारी गोल, गोटीएवढी अळिंबी. ती सालाच्या मुळांशी सहजीवनाने जगते: मुळांना पाणी व खनिजे पुरवते आणि झाडाकडून साखर घेते. पहिल्या पावसानंतर भुईला किंचित तडा गेलेला दिसला की काठीने उकरून काढतात. वरचे आवरण मातीने इतके माखलेले असते की अनेक पाण्यांत धुवावे लागते. रांचीकडील रुगडा (ॲस्ट्रिअस) व कटरुआ एकच की केवळ जवळचे, याबाबत लिखाणात एकवाक्यता नाही. स्थानिक नाव एकाहून अधिक जातींना लागत असण्याचा संभव आहे. हंगामाच्या तोंडाला त्याचा भाव अनेकदा मटणाच्या वर जातो. दुधवा (राष्ट्रीय उद्यान १९७७) व पिलीभीत (व्याघ्र प्रकल्प २०१४) येथील राखीव वनांत तो गोळा करण्यास मनाई आहे. तरीही लोक जातात. साल वृक्षाविना कटरुआ होत नाही, तेव्हा कुंडीत लावण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

सडक्या पदार्थांवरील अळिंबी व घरगुती लागवड : मृत काडीकचऱ्यावर जगणाऱ्या जातींना जिवंत जोडीदार लागत नाही. घरात पिकते ती हीच. भारतातील लागवडीचा आरंभ कोइमतूर येथे १९४३ मध्ये भाताच्या पेंढ्यावरील अळिंबीने (व्हॉल्व्हेरिएला) झाला. बटण अळिंबीचे काम सोलन येथे १९६१ पासून आणि धिंगरीचे (प्ल्युरोटस) म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो व सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास सुरू केले. पुढे सोलनच्या सी. एल. जंडाइक यांनी हिमालयाच्या पायथ्याशी निवडुंगासारख्या थोरावर मिळालेली धिंगरी लागवडीत आणली. ती प्ल्युरोटस साजोर-काजू या नावाने देशभर पसरली. हे नाव शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे असून ती प्ल्युरोटस पल्मोनेरियस असल्याचे मत पुढे मांडले गेले. बियाण्याच्या पिशवीवर मात्र जुनेच नाव छापलेले आढळते.

लखनौचे हवामान टोकाचे आहे. मे महिन्यात पारा ४०° से. ओलांडतो आणि जानेवारीच्या रात्री ७-८° पर्यंत उतरतो. त्यामुळे एकच जात बारमाही घेता येत नाही. धिंगरी (२०-२८°) ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, बटण (छत्रे धरताना १४-१८°) कडक थंडीत, दुधी अळिंबी (कॅलोसायबी इंडिका, ३०-३५°) एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत. दुधी अळिंबी मूळ पश्चिम बंगालची. तिचे वर्णन १९७४ चे असून उन्हाळ्यात घेता येणारी म्हणून उत्तरेच्या सपाटीत तिला महत्त्व आहे. तिच्या बेडवर (काड भरलेल्या पिशवीवर) मातीचा पातळ थर द्यावा लागतो. बटणासाठी गव्हाच्या काडाचे खत सुमारे २८ दिवस पुन्हापुन्हा उलथून कुजवावे लागते. लगत शेजार असलेल्या घरात, वासामुळे, हे करू नये.

धिंगरीची रीत अशी : गव्हाचे किंवा भाताचे काड २-३ सेंमी लांबीचे कापून रात्रभर भिजवतात, नंतर सुमारे ८०° से. च्या पाण्यात तासभर ठेवतात. फॉर्मेलिन व बुरशीनाशकाच्या पाण्यात १८ तास भिजवण्याचीही पद्धत रूढ आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या जागेत गरम पाणीच बरे. काड निथळून, मुठीत दाबल्यावर पाणी न ठिबकता तळवा फक्त ओलसर व्हावा इतके सुकवतात. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत थराथराने भरून प्रत्येक थरावर कडेने बियाणे (गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेले तंतू) पसरतात. ओल्या काडाच्या वजनाच्या २ टक्के बियाणे पुरते. पिशवीला सुईने भोके पाडून ती अंधाऱ्या खोलीत ठेवतात. १५-२० दिवसांत सर्व काड पांढऱ्या तंतूंनी बांधले जाते. मग पिशवी कापून बेड टांगतात, उजेड व वारा देतात आणि आर्द्रता ८०-८५ टक्के राहील असे पाणी फवारतात. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत तोडणी येते. एक किलो कोरड्या काडावर तीन बहर मिळून अर्धा ते एक किलो ताजी अळिंबी मिळते. दांडे लांब व छत्रे बटणाएवढीच राहिली तर खोलीत हवा कोंडली आहे असे समजावे. हिरवा डाग पडलेला बेड (ट्रायकोडर्मा) घराबाहेर काढावा. छत्रांच्या कडा वर वळण्याआधी तोडणी केली नाही तर बीजाणूंची धूळ उडते. तिने बंद खोलीत काहींना खोकला व दम लागतो.

विषारी जाती : उत्तर भारताच्या सपाटीत हिरवळींवर व बागांत उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही खाद्य जातींसारखीच दिसते. खाल्ल्यावर बहुधा एक ते तीन तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात. छत्र कापून पांढऱ्या कागदावर पालथे घालावे व वर वाटी झाकावी. सकाळी उमटणारा ठसा हिरवट असेल तर ती हीच जात. पांढरा ठसा मात्र निर्दोषपणाचा दाखला नव्हे: ॲमॅनिटा प्रजातीतील प्राणघातक जातींचा ठसाही पांढराच असतो. त्यांची लक्षणे सहा ते बारा तास किंवा त्याहून उशिरा दिसतात, मध्ये रोग्याला बरे वाटल्याचा भास होतो आणि यकृत निकामी होत जाते. शिजवल्याने हे विष जात नाही. चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडण्याची परीक्षा, किडे लागलेली अळिंबी खाण्याजोगी असते हा समज, यांना आधार नाही.

संस्था : राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था (सिकंदर बाग, १९५३ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे, सध्याचे नाव १९७८ पासून). केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था, काकोरीजवळील रहमानखेडा. बिरबल साहनी यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेली पुरावनस्पती संस्था खाद्य अळिंबीवर काम करीत नाही. मराठी वाचकाने ती लक्षात ठेवावी ती अन्य कारणासाठी. साहनी व एच. एस. राव यांनी सौंसर या मराठीभाषक भागातील दख्खनी लाव्ह्याच्या थरांमधील वनस्पती-जीवाश्म अभ्यासले, तर त्याच टापूतील मोहगावकलाँच्या दगडांतील सूक्ष्म कवकांचे अवशेष नागपूरच्या शामला चितळे व सहकाऱ्यांनी वर्णिले. (पहा : कवक, वाळवी.)

पाककृती : कटरुआ मटणाच्या मसाल्यात शिजवतात. पुलावात घालतात ती गुच्छी ही अळिंबी मात्र हिमालयातून वाळवून येते, लखनौत उगवत नाही.