आधी कारखाना, मग पालिका : पिंपरी-चिंचवड ते चाकण, निवडणूक निकालांचा इतिहास

पुण्याच्या उत्तरेला आणि वायव्येला पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात कारखाना आधी आला, पालिका नंतर आली आणि मतदान सर्वांत शेवटी झाले. पिंपरी-चिंचवडमध्ये हा क्रम पूर्ण व्हायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. चाकणमध्ये तो अजून अर्धवट आहे. इथल्या निवडणुकांचे निकाल केवळ पक्षांच्या जागा मोजून वाचले, तर सत्तांतराची एक सरळ गोष्ट दिसते. पण प्रभाग कसे पाडले, गावे कधी घेतली आणि सभागृह किती वर्षे रिकामे राहिले हे सोबत पाहिले, की त्याच आकड्यांचा अर्थ बदलतो.

फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि 1954 मध्ये तिथेच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1960 च्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी, पिंपरी आणि चिंचवड परिसरातील जमिनी संपादित केल्या. या साऱ्या काळात कारभार ग्रामपंचायतींचाच होता. हजारो कामगार तीन पाळ्यांत काम करत होते, चाळी उभ्या राहत होत्या, आणि रस्ता, गटार, दिवाबत्तीचा निर्णय गावच्या सरपंचाच्या दारी होत होता. 4 मार्च 1970 रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली. त्यात अण्णासाहेब मगर यांचा पुढाकार मोठा होता. दोन वर्षांनी, 1972 मध्ये, कामगारांच्या घरांसाठी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. 11 ऑक्टोबर 1982 रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी लोकांनी निवडलेले पहिले सभागृह बसायला 1986 साल उजाडावे लागले. ज्ञानेश्वर लांडगे पहिले महापौर झाले.

औद्योगिक शहराच्या वाट्याला असा उशीर येणे ही काही इथलीच गोष्ट नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर कापडगिरण्यांमुळे जगभर गाजले, तेव्हा त्याला नगर परिषद नव्हती. गिरण्यांची धुराडी उभी राहिली तरी शहराचा कारभार मोझली या जमीनदार घराण्याच्या जहागिरी न्यायालयातून चाले. ब्रिटिश संसदेने 1835 मध्ये नगरपालिकांचा कायदा केला, 1838 मध्ये मँचेस्टरला सनद मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. जहागिरीचे उरलेसुरले हक्क शहराला 1846 मध्ये दोन लाख पौंड मोजून विकत घ्यावे लागले. पिंपरी-चिंचवडमध्ये जहागीरदार नव्हता, पण जमीन गावकऱ्यांची होती, आणि मँचेस्टरप्रमाणेच इथेही जमिनीभोवतीची सत्ता मतपेटी आल्याने आपोआप सरली नाही.

ज्यांच्या शेतात कारखाने आणि गृहसंस्था उभ्या राहिल्या, त्या मूळ गावकऱ्यांच्या भावक्या गावठाणात एकगठ्ठा राहिल्या. बाहेरून आलेला कामगार मात्र विखुरला. कोणी सातारा-सांगलीचा, कोणी मराठवाड्याचा, कोणी खान्देशचा, कोणी केरळचा, कोणी उत्तर प्रदेशचा. भाड्याची खोली बदलली की त्याचा प्रभागही बदले. संख्येने तो जास्त होता, तरी प्रभागात संघटित मत गावकी-भावकीचेच असे. म्हणूनच लांडगे, लांडे, जगताप, काळजे, वाघेरे ही आडनावे इथल्या निकालांत पुन्हा पुन्हा दिसतात. बाहेरून आलेल्यांना वाट अगदीच मिळाली नाही असे मात्र नाही. आझम पानसरे, आर. एस. कुमार, योगेश बहल हेही या शहराचे महापौर झाले. पक्षसंघटना मजबूत असेल, तर गावकीबाहेरच्या माणसालाही शहराच्या खुर्चीपर्यंत जाता आले, ही या इतिहासातली जमेची बाजू आहे.

या खुर्चीला एवढे मोल आले ते जकातीमुळे. कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या मालावर नाक्यावर जकात घेतली जाई आणि तिच्या जोरावर पिंपरी-चिंचवड देशातल्या श्रीमंत महापालिकांत गणली गेली. रुंद रस्ते, उड्डाणपूल, उद्याने, नाट्यगृहे याच पैशातून उभी राहिली. एप्रिल 2013 मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला आणि जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, पण तोवर खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीचे अध्यक्षपद महापौरपदाहून वजनदार झाले होते. पालिकेतली खरी चुरस तिथेच असे.

1990 च्या दशकात काँग्रेसचे रामकृष्ण मोरे आणि 1991 नंतर बारामतीचे अजित पवार या दोन नेत्यांभोवती शहराचे राजकारण फिरले. 1999 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली, 2003 मध्ये मोरे यांचे निधन झाले आणि मग सूत्रे पवारांच्या हाती एकवटली. 2007 मध्ये राष्ट्रवादीला 105 पैकी स्पष्ट बहुमत मिळाले. 2012 मध्ये सभागृह 128 जागांचे झाले तेव्हा त्यांतल्या 83 जागा एकट्या राष्ट्रवादीकडे गेल्या. भाजपला अवघ्या 3 मिळाल्या. मोहिनी लांडे महापौर झाल्या. महिलांना निम्म्या जागा देण्याचा कायदा राज्याने 2011 मध्ये केला होता, त्यामुळे 128 पैकी 64 जागा महिलांसाठी राखीव असलेले हे शहराचे पहिले सभागृह ठरले.

पाच वर्षांनी चित्र उलटले. 21 फेब्रुवारी 2017 रोजी मतदान झाले आणि 23 तारखेला मतमोजणी. भाजप 77, राष्ट्रवादी 36, शिवसेना 9, मनसे 1 आणि अपक्ष 5. काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. तीनवरून सत्त्याहत्तर ही उडी केवळ पक्षाच्या लाटेने समजत नाही. चिंचवडचे लक्ष्मण जगताप 2014 मध्ये राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आले होते. भोसरीचे महेश लांडगे 2014 च्या विधानसभेला अपक्ष निवडून आले आणि नंतर भाजपमध्ये गेले. आझम पानसरेही निवडणुकीआधी भाजपमध्ये दाखल झाले. त्यांच्यामागे नगरसेवक गेले, भावक्या गेल्या, प्रभागातली मंडळे गेली. 2018 मध्ये भाजपचे महापौर झालेले राहुल जाधव 2012 मध्ये मनसेचे नगरसेवक होते. भोसरीच्या प्रभाग 6 मधून रवी लांडगे बिनविरोध निवडून आले. पक्षाचे चिन्ह बदलले, पण निवडून येणारी घराणी आणि गावे बरीचशी तीच राहिली. 2017 चा निकाल असा वाचावा लागतो.

तरीही त्या निकालाला मतदाराची स्वतःची कारणे होती, आणि त्यांतले सर्वांत मोठे कारण घर हे होते. कामगाराने गुंठ्या-दोन गुंठ्यांत बांधलेली हजारो घरे परवानगीविना उभी होती. त्यांच्यावर मूळ मालमत्ताकराच्या दुप्पट शास्तीकर लागत होता आणि आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या काळात पाडापाडीही जोरात झाली. कर थकत गेला, थकबाकीवर व्याज चढले आणि कुटुंबांची झोप उडाली. जानेवारी 2017 मध्ये, मतदानाला महिनाभर उरला असताना, राज्य सरकारने 600 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना सवलत जाहीर केली. पूर्ण माफी यायला 2023 साल लागले. पालिकेच्या निवडणुकीत राज्य सरकारचा निर्णय किती निर्णायक ठरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण या शहरात नाही.

हद्दवाढीचा परिणामही याच निकालात दिसला. 1997 मध्ये मोशी, चऱ्होली, चिखली, तळवडे, वाकड, रावेत, पुनावळे अशी आजूबाजूची गावे महापालिकेत आली. पालिकेच्या भाषेत ती अजूनही ‘समाविष्ट गावे’ आहेत. वीस वर्षे त्यांनी रस्ते आणि पाण्याची वाट पाहिली. भाजपचे पहिले महापौर नितीन काळजे याच समाविष्ट गावांपैकी चऱ्होलीचे.

मतदारांच्या नजरेत सहसा न येणारी, पण निकालावर खोल परिणाम करणारी बाब म्हणजे प्रभागरचना. 2002 मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, 2007 मध्ये एकाचा, 2012 मध्ये दोघांचा आणि 2017 मध्ये चौघांचा. दर वेळी राज्यातल्या सत्ताधाऱ्यांनी नियम बदलला आणि चार निवडणुका चार पद्धतींनी झाल्या. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17,27,692 होती. ती 32 प्रभागांत वाटली, की एका प्रभागात सरासरी 54 हजार माणसे येतात. एवढ्या मोठ्या प्रभागात एकट्या अपक्षाला प्रचार झेपत नाही, चौघांचे पॅनेल उभे करणाऱ्या पक्षालाच तो झेपतो. मतदाराने अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी वेगवेगळे बटण दाबायचे असते, आणि बहुतेक वेळा एकच चिन्ह चारदा दाबले जाते. गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाला विचारायचे, हे मात्र निकालानंतर कोणीच सांगत नाही.

मँचेस्टरमध्येही 32 प्रभाग आहेत, प्रत्येकी तीन सदस्यांचे, म्हणजे एकूण 96. पण तिथे साधारणपणे चार वर्षांतल्या तीन वर्षी एकतृतीयांश जागांसाठी मतदान होते, म्हणजे मतदार एका वेळी एकाच उमेदवाराला तोलतो आणि सभागृह कधी पूर्ण रिकामे होत नाही. 2011 ची लोकसंख्या धरली तर तिथे सुमारे 5,200 माणसांमागे एक प्रतिनिधी पडतो, पिंपरी-चिंचवडमध्ये साडेतेरा हजारांमागे एक.

सभागृह रिकामे राहण्याचा फटका या पट्ट्याला फार मोठा बसला. 13 मार्च 2022 रोजी महापालिकेची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, प्रभागरचना पुन्हा बदलत होती आणि आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. सत्तर वर्षांत कारखान्यांनी वाढवलेल्या या शहरात जवळपास चार वर्षे एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. 6 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हालचाल सुरू झाली आणि 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. प्रभाग पुन्हा चार सदस्यांचे होते. फुटीनंतरच्या दोन्ही राष्ट्रवादी एकत्र लढल्या, भाजप आणि शिवसेना वेगवेगळ्या. भाजपला 84 जागा मिळाल्या, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला 37, शिवसेनेला 6. राष्ट्रवादीची संख्या 2017 च्या तुलनेत जवळजवळ जागची हलली नाही. भाजपने जे वाढवले, ते मुख्यतः इतरांकडून.

चाकणची कहाणी याच रस्त्याने कित्येक दशके मागून चालली आहे. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेला सुमारे दोन महिने रोखून धरले तो संग्रामदुर्ग, आणि कांदा-बटाट्याचा बाजार, ही या गावाची जुनी ओळख. 1990 च्या दशकात औद्योगिक महामंडळ आले, 1999 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे प्रकल्प उभे राहिले. तरीही 2011 च्या जनगणनेत 41 हजार वस्तीचे चाकण ग्रामपंचायतीतच होते. नगर परिषद झाली 2015 मध्ये, आणि पहिली निवडणूकही त्याच वर्षी. तेव्हा नगराध्यक्ष नगरसेवकांतून निवडला जाई.

पहिल्या सभागृहाची मुदत संपल्यावर करोना आणि आरक्षणाचा वाद यांत पुढचे मतदान लांबत गेले, ते थेट डिसेंबर 2025 पर्यंत. या वेळी नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडला. माजी आमदार दिवंगत सुरेश गोरे यांच्या पत्नी मनीषा गोरे शिवसेनेकडून उभ्या होत्या, आणि राज्यात एकमेकांविरुद्ध असलेल्या दोन्ही शिवसेना इथे त्यांच्या पाठीशी एकत्र आल्या. 21 डिसेंबरच्या मतमोजणीत त्या निवडून आल्या. राज्यातली युती-आघाडीची गणिते चाकणमध्ये लागू पडली नाहीत. गावातले आणि घरातले नाते वरचढ ठरले.

पण या निकालाने निवडून आलेल्यांच्या हाती नेमके काय आले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चाकणच्या नावाने ओळखले जाणारे कारखाने बहुतांशी चाकणच्या हद्दीत नाहीत. ते महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, वासुली, वराळे, भांबोली अशा ग्रामपंचायतींत आहेत. कारखान्यांची घरपट्टी या गावांकडे जाते, आणि तळेगाव चौकातली अवजड वाहनांची रांग, कामगारांच्या खोल्या, कचरा आणि पाण्याची मागणी चाकणच्या वाट्याला येते. रस्ता महामार्ग खात्याचा, नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, औद्योगिक भूखंड महामंडळाकडे, पोलीस 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. नगर परिषदेवर निवडून आलेल्या माणसाला जाब विचारता येतो, पण त्याच्या अधिकारात फारसे काही नसते.

8 ऑगस्ट 2025 रोजी वाहतूक कोंडीची पाहणी करायला चाकणला आलेल्या अजित पवारांनी पुणे जिल्ह्यात तीन नव्या महापालिकांची गरज बोलून दाखवली आणि त्यांत चाकणचे नाव घेतले. तशी महापालिका झाली तर कारखाने आणि गाव प्रथमच एका हद्दीत येतील. मात्र पिंपरी-चिंचवडचा अनुभव पाहता केवळ हद्द पुरेशी नाही. प्रभाग लहान हवेत, रचना दर निवडणुकीला बदलू नये आणि मतदान मुदतीत व्हायला हवे. या तिन्ही गोष्टी राज्य सरकारच्या हातात आहेत, आणि चाकणच्या मतदारांनी त्या आताच मागायला हव्यात.