हातून हाती

पेण तालुक्यातील डोलवीसारख्या गावातही आज तरुण मुले मोबाईलवर गीते, चित्रे एकमेकांस सहज पाठवितात. ही देवघेव नवी वाटते; परंतु आपल्या श्रद्धेचा एक अमोल ग्रंथ अशाच देवघेवीने आपल्यापर्यंत पोहोचला आहे, याचे स्मरण आम्हांस होते.

मूळचे इंग्लंडचे व १५७९ साली गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचिले. १६१६ साली ते रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याची पुनर्मुद्रणे झाली. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदी घातली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. तरीही ग्रंथ जगला. कारण भाविकांनी तो हाताने उतरविला, गायिला, पुढच्या पिढीच्या हाती दिला. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त संगणकप्रणालीचा उपक्रम जाहीर केला. वापरा, अभ्यासा, सुधारा, वाटा, हे त्याचे सार. ओव्या उतरविणाऱ्या आपल्या पूर्वजांस ते परके वाटले नसते.

मात्र वाटणे म्हणजे लुबाडणे नव्हे. कर्त्याची अनुमती घ्यावी, त्याचे नाव राखावे. आपल्या गायनमंडळांच्या जुन्या वह्या कपाटात पडून आहेत. त्या उतरवून घ्या, वडीलधाऱ्यांचे सूर ध्वनिमुद्रित करा, शेजारच्या धर्मग्रामास द्या. कुलुपात ठेवलेले गीत गाणाऱ्याबरोबरच मातीआड जाते.