मुंबई उपनगरांतील घरगुती खतनिर्मिती व पर्जन्यजल संकलन

मुंबई उपनगरांतील घरगुती खतनिर्मिती व पर्जन्यजल संकलन या शीर्षकाखाली अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इत्यादी भागांत स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करणे आणि छपरावरील पावसाचे पाणी बागेसाठी साठवणे किंवा जमिनीत मुरवणे या पद्धतींचा समावेश होतो. दोन्ही पद्धती येथील ऋतुचक्राशी निगडित आहेत. पाणी पावसाळ्यात मुबलक असते, पण त्याची गरज उन्हाळ्यात भासते. खतासाठी लागणारा पालापाचोळा मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर मिळतो आणि त्याची सर्वाधिक गरज पावसाळ्यात असते. त्यामुळे दोन्ही बाबतींत साठवणुकीला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

शहराच्या कचऱ्याचा मोठा भार पूर्व उपनगरांनी वाहिला आहे. देवनार क्षेपणभूमी १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर शहराच्या अनेक भागांत पसरला होता. बोरिवलीजवळील गोराई क्षेपणभूमी शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आली, तर मुलुंड क्षेपणभूमीत कचरा टाकणे २०१८ मध्ये थांबवण्यात आले. क्षेपणभूमीत दबलेला ओला कचरा हवेअभावी कुजतो व त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण होतो. हाच कचरा घरी किंवा सोसायटीत हवेशीर कुजवला, तर मिथेनची निर्मिती बरीच टळते आणि खत मिळते.

घाटकोपर (पूर्व) येथील जोशी लेनमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रहिवाशांनी कचऱ्याचे वर्गीकरण व खतनिर्मिती सुरू केली. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ योजनेचा आरंभ या उपक्रमापासून मानला जातो. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ कार्यक्रमातून कचरावेचक महिलांना खतनिर्मितीचे प्रशिक्षण दिले. वांद्रे येथील डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर भाजीपाला व फळे पिकवण्याचे प्रयोग केले. ‘प्रयोग परिवार’ चळवळीचे प्रवर्तक, कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांच्या विचारांचा शहरी शेतीच्या अशा प्रयोगांवर प्रभाव होता.

खतनिर्मितीची पद्धत

भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा व निर्माल्य यांत नत्राचे प्रमाण अधिक असते, तर सुका पाला, लाकडाचा भुसा व नारळाच्या काथ्याचा भुसा यांत कर्ब अधिक असतो. सूक्ष्मजीवांची वाढ चांगली होण्यासाठी मिश्रणातील कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारणतः २५ ते ३० : १ आणि ओलावा ५० ते ६० टक्के असावा लागतो. भोके पाडलेल्या पिंपात किंवा मातीच्या कुंड्यांत ओल्या कचऱ्याचा थर व त्यावर सुक्या पाल्याचा थर असे आलटून पालटून रचतात. विरजण म्हणून शेण, आंबट ताक किंवा जुने खत वापरतात. दर चार-पाच दिवसांनी मिश्रण खालीवर केल्यास साधारण दोन महिन्यांत गडद रंगाचे, मातीचा वास असलेले खत तयार होते.

पावसाळ्यात हवेतील आर्द्रतेमुळे मिश्रण लवकर सुकत नाही. त्यात हवा खेळली नाही तर दुर्गंधी येते. अनेक घरांतील प्रयोग याच काळात बंद पडतात. पाणी धरणारा कचरा निथळून टाकणे व सुक्या पाल्याचे प्रमाण वाढवणे हा त्यावरील उपाय होय. पावसाळ्यात सुका पाला मिळत नसल्याने फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गळणारी पाने गोळा करून पोत्यांत कोरडी ठेवावी लागतात. मासळीचे काटे व उरलेले तेलकट अन्न यांमुळे माश्या व उंदरांचा उपद्रव वाढतो. म्हणून ते लहान घरगुती पिंपात टाकत नाहीत.

पर्जन्यजल संकलन

सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या काळात सरासरी सुमारे २,३०० मि.मी. पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मि.मी. पाऊस पडल्यास एक लिटर पाणी मिळते. गळती व बाष्पीभवन वजा जाता ८० टक्के पाणी हाती आले, असे धरल्यास १०० चौ.मी. गच्चीवरून हंगामात सुमारे १ लाख ८४ हजार लिटर पाणी मिळू शकते. १,००० लिटरची टाकी मात्र अवघ्या १२.५ मि.मी. पावसात भरते. वीस कुंड्यांना रोज प्रत्येकी एक लिटर पाणी लागत असेल, तर ती ५० दिवसांत रिकामी होते. म्हणजेच टाकीचा उपयोग पावसातील उघडीप आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपुरता असतो. कोरड्या आठ महिन्यांसाठी उरलेले पाणी शोषखड्डा, विहीर किंवा विंधन विहिरीमार्फत जमिनीत मुरवावे लागते. उपनगरांखालील बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे मुरण्याची क्षमता जागेनुसार बदलते. खाडी व समुद्रालगतच्या भागांत भूजल खारट असू शकते.

पहिल्या पावसाबरोबर गच्चीवरील धूळ व पक्ष्यांची विष्ठा वाहून येते. म्हणून सुरुवातीचे पाणी सोडून देतात व नंतरचे पाणी रेती-खडीच्या गाळणीतून टाकीत घेतात. हे पाणी बागेसाठी योग्य असते. प्रक्रिया न करता ते पिऊ नये.

दोन्हींचा संबंध

खतातील ह्यूमसमुळे मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते. कुंडीत खत मिसळून वर पाल्याचे आच्छादन दिल्यास बाष्पीभवन कमी होते व साठवलेले पाणी अधिक दिवस पुरते.

नियम

केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कचऱ्याचे घरीच वर्गीकरण करणे बंधनकारक करण्यात आले. ५,००० चौ.मी.पेक्षा मोठ्या संकुलांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी, अशी तरतूद त्यात होती. मुंबईत ऑक्टोबर २००२ पासून १,००० चौ.मी.पेक्षा मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संकलन सक्तीचे झाले. पुढे मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये ही मर्यादा ५०० चौ.मी. ठेवण्यात आली.

मर्यादा व दक्षता

उघड्या टाकीत किंवा कुंडीखालच्या ताटलीत डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्यामुळे टाकीवर घट्ट झाकण व जाळी असावी आणि ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. १,००० लिटर पाण्याचे वजन एक टन असते. म्हणून जुन्या इमारतीच्या गच्चीवर टाकी किंवा मातीचे वाफे ठेवण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला व सोसायटीची परवानगी घ्यावी. साठवणीची टाकी तळमजल्यावर ठेवल्यास गच्चीवरचा भार टळतो.