रिचमंड जहाजबांधणी गोद्या

रिचमंड जहाजबांधणी गोद्या हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेला चार गोद्यांचा समूह होय. उद्योजक हेन्री जे. कायझर यांच्या अधिपत्याखालील या गोद्यांतून ७४७ जहाजे बांधली गेली. ऐन भराच्या काळात येथे सुमारे ९० हजार स्त्री-पुरुष काम करीत होते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याआधी जहाजबांधणीचे कोणतेही काम केलेले नव्हते.

== पार्श्वभूमी ==

जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे बुडवीत होत्या आणि तेथील गोद्यांना ही तूट भरून काढता येत नव्हती. म्हणून १९४० च्या अखेरीस ब्रिटनने ६० जहाजांची मागणी अमेरिकेत नोंदविली. त्यांपैकी ३० जहाजे रिचमंडच्या वाट्याला आली. काठावरील दलदलीत भराव घालून पहिली गोदी उभी राहिली व ऑगस्ट १९४१ मध्ये 'ओशन व्हॅनगार्ड' या पहिल्या जहाजाचे जलावतरण झाले. याच ब्रिटिश आराखड्यात फेरफार करून अमेरिकेने आपली 'लिबर्टी' जहाजे तयार केली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ज्याचा भीषण स्फोट झाला, ते 'फोर्ट स्टिकिन' जहाजही याच मूळ आराखड्याच्या कॅनडातील मालिकेतले होते.

कायझर यांचा पूर्वानुभव रस्ते व धरणे बांधण्याचा होता. जहाजाच्या नाळेला ते सरळ 'पुढचे टोक' म्हणत, असे सांगतात. त्यांच्या अज्ञानाची थट्टा झाली खरी, परंतु जुन्या परंपरेचे ओझे नसल्यामुळेच त्यांना कामाची मांडणी नव्याने करता आली.

== बांधणीची पद्धत ==

पारंपरिक गोदीत जहाज तळापासून वर एकाच जागी वाढत जाई आणि कारागीर अनेक वर्षे उमेदवारी करून सर्व कामे शिकत असे. रिचमंडमध्ये हे काम लहान लहान तुकड्यांत विभागले गेले. तळाचे, बाजूंचे व डेकचे मोठे भाग स्वतंत्र जागी आधीच जोडून घेतले जात आणि मग यारीने उचलून मूळ सांगाड्यावर बसविले जात. डोक्यावर हात धरून वेल्डिंग करणे सर्वांत कठीण. वितळलेला धातू अंगावर ओघळतो आणि सांधा नीट भरत नाही. सुटा भाग उलटा करता येत असल्याने वेल्डरला खाली पाहून सांधा जोडता येई. हे काम नवशिक्याला काही आठवड्यांत शिकविता येत असे. घरकाम सोडून आलेली गृहिणी आणि अर्कान्सासचा शेतमजूर यांना पोलादी जहाज बांधता आले, त्याचे रहस्य या साध्या युक्तीत आहे.

लिबर्टी जहाजाची लांबी सुमारे ४४१ फूट, वेग ताशी ११ सागरी मैल व भारवहनशक्ती सुमारे १० हजार टन असे. आरंभी अमेरिकेत अशा जहाजाला सुमारे २३० दिवस लागत. पुढे हा काळ सरासरी ४२ दिवसांवर आला. नोव्हेंबर १९४२ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या गोदीने 'रॉबर्ट ई. पिअरी' हे जहाज ४ दिवस व साडेपंधरा तासांत पाण्यात उतरविले. हा विक्रम मुख्यतः प्रसिद्धीसाठी होता. त्याचे भाग आधीच तयार करून ठेवले होते आणि एवढा वेग नित्याचा होणे शक्य नव्हते. तरीही ते जहाज युद्धभर चालले व १९६३ मध्ये मोडीत निघाले.

वेगाची दुसरी बाजूही होती. युद्धकाळात बांधलेल्या काही जहाजांना मोठे तडे गेले. जानेवारी १९४३ मध्ये पोर्टलंड येथील कायझर यांच्याच गोदीत 'स्केनेक्टडी' हे तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभ्या उभ्या दुभंगले. प्रथम दोष मुख्यतः वेल्डिंगच्या दर्जाला दिला गेला. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांच्या संशोधनातून पुढे दिसून आले की त्या काळचे पोलादच थंडीत ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी थांबत असे. सलग जोडलेल्या जहाजात तो पुढे धावत जाई. ठपका ठेवला गेला त्या हातांच्या बाजूने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

== कामगार ==

ऐन भरात कामगारांत सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया होत्या. 'रोझी द रिव्हेटर' हे त्यांचे प्रचलित नाव येथे फारसे लागू पडत नाही, कारण रिचमंडच्या स्त्रिया प्रामुख्याने वेल्डिंग करीत. बॉयलरमेकर्स संघटनेने १९४२ पर्यंत स्त्रियांना सदस्यत्वच दिले नव्हते.

कृष्णवर्णीय कामगारांची कोंडी अधिक बिकट होती. संघटनेचे सदस्य झाल्याशिवाय गोदीत काम मिळत नसे आणि संघटना त्यांना मूळ शाखेत घेत नसे. त्यांच्यासाठी वेगळ्या साहाय्यक शाखा काढल्या होत्या. तेथे वर्गणी भरावी लागे, मताचा अधिकार मात्र नव्हता. पलीकडच्या सॉसलिटो येथील 'मरीनशिप' गोदीत वेल्डर जोसेफ जेम्स यांनी याविरुद्ध दाद मागितली. १९४४ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. तोपर्यंत युद्ध संपायला अवघे आठ महिने उरले होते.

१९४० मध्ये २३,६४२ वस्तीचे हे गाव युद्धकाळात सुमारे एक लाखावर गेले. एकच खाट वेगवेगळ्या पाळ्यांतील माणसे आळीपाळीने वापरीत. नोकरदार मातांसाठी १९४३ मध्ये बालसंगोपन केंद्र सुरू झाले. डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी कामगारांसाठी आठवड्याला ५० सेंट आगाऊ घेऊन उपचार देणारी योजना चालविली. १९४५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि आज 'कायझर परमनेंटे' या नावाने ओळखली जाते.

== युद्धोत्तर काळ ==

युद्ध संपताच गोद्या बंद झाल्या व कामगारकपात झाली. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना मिळालेली कौशल्याची कामे प्रथम गेली. तात्पुरती बांधलेली बहुतेक घरे पुढील काळात पाडण्यात आली.

१९४४ मध्ये येथे बांधलेले 'रेड ओक व्हिक्टरी' हे जहाज आता रिचमंडमध्येच संग्रहालय म्हणून जतन केले आहे. २००० साली स्त्री-कामगारांचे स्मारक उभारले गेले. त्यातील पायवाट लिबर्टी जहाजाच्या कण्याइतकी लांब आहे. त्याच वर्षी 'रोझी द रिव्हेटर' राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. युद्धकाळात साहाय्यक शाखेच्या कार्यालयात कारकून असलेल्या बेटी रीड सोस्किन पुढे याच उद्यानात मार्गदर्शक होत्या. रोझीची कथा ही गोऱ्या स्त्रियांची कथा आहे, असे त्या उघडपणे सांगत आणि स्वतःची कथा तिच्याशेजारी मांडीत. २०२२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या.