कीर्द, खतावणी आणि संगणकाची तबकडी

मळमड्डी ही धारवाडच्या रेल्वे स्थानकालगतची वस्ती. हिशेबाचे काही शब्द इकडे कन्नडात आणि मराठीत एकच आहेत. कीर्द आणि खाते दोन्हीकडे सारखेच रुळलेले. गिऱ्हाइकांची रीघ लागली की दुकानदार दोन-चार उधाऱ्या ध्यानात धरून ठेवतो आणि हात मोकळा होताच कीर्दीत उतरवतो. मधल्या वेळात विसर पडला, तर ती उधारी बुडालीच म्हणायची. संगणकही हेच करतो. पत्र जतन करण्याची आज्ञा मिळताच तो ‘झाले’ म्हणून सांगतो. परंतु अक्षरे पुष्कळदा अद्याप त्याच्या स्मृतीतच असतात, तबकडीवर उतरलेली नसतात. तेवढ्यात वीज गेली, की पत्र गेले.

असे का व्हावे? फिरत्या तबकडीवर जागा गाठून लिहावयास सेकंदाचे काही सहस्रांश लागतात. स्मृतीला एक दशलक्षांशही लागत नाही. प्रत्येक ओळीसाठी तबकडीची वाट पाहिली, तर यंत्र दिवसभर ताटकळत बसेल. म्हणून लेखन स्मृतीत साचवावे आणि मग एकदम उतरवावे, अशी युक्ती निघाली. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. रोकडीशी त्याचा काही संबंध नाही. ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो शब्द आला, आणि तो पुरेसा अन्वर्थकही आहे.

जुन्या यंत्रांची स्मृती इतकी विसराळू नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती चुंबकीय कड्यांची होती. वीज गेली तरी कड्यांचे चुंबकत्व टिकून राही. 1970 नंतर अर्धवाहकांची स्वस्त आणि चपळ स्मृती सर्वत्र आली, आणि विजेबरोबर तिच्यातील सारेच जाऊ लागले.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1969 साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी आरंभिलेल्या युनिक्स प्रणालीत यावर ‘सिंक’ नावाची आज्ञा होती. साचलेले सारे तबकडीवर उतरवा, एवढाच तिचा अर्थ. ‘अपडेट’ नावाचा एक प्रोग्रॅम दर 30 सेकंदांनी ती आज्ञा देत असे. म्हणजे बुडालेच तर साधारण अर्ध्या मिनिटाचे काम बुडावे. गंमत अशी की, सिंक काम पुरे होण्यापूर्वीच परतत असे. म्हणून यंत्र बंद करण्याआधी ती आज्ञा तीन वेगवेगळ्या ओळींवर तीनदा टंकण्याची प्रथा पडली. तीन या आकड्यात काही पुण्य नव्हते. टंकण्यात जाणारा वेळ हेच खरे औषध. पुढे तिन्ही आज्ञा एकाच ओळीत लिहिणारे निघाले, तेव्हा विधी उरला आणि अर्थ गेला. 1983 सालच्या बर्कली युनिक्समध्ये ‘एफसिंक’ आले: ही एवढीच फाइल उतरवा, आणि उतरेपर्यंत मला थांबवून ठेवा.

घरगुती संगणकांना हा धडा उशिरा मिळाला. 1993 च्या मार्चमध्ये निघालेल्या एमएस-डॉस 6.0 मधील स्मार्टड्राइव्ह लेखन साचवून ठेवी, आणि पडद्यावर मात्र पुढच्या आज्ञेची खूण लगेच उमटे. काम संपले असे समजून लोक यंत्राचे बटण बंद करीत. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 6.2 मध्ये, साचलेले उतरल्याखेरीज ती खूण दाखवायची नाही, असे ठरले. विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी परवानगी घेण्याची रीत याच भयातून आली. 2018 साली विंडोज 10 ने अशा साधनांवर लेखन साचवणे आपण होऊन बंद केले. अॅपलच्या मॅक प्रणालीत आणखी एक पदर आहे. तबकडीच्या स्वतःच्या पेटीतही छोटी स्मृती असते. मॅकवर साधे एफसिंक लेखन तेथवर पोचवते, पुढचे आश्वासन देत नाही. खरोखर उतरवायचे, तर त्यासाठी निराळी आज्ञा द्यावी लागते.

दरम्यान कीर्दही संगणकात शिरली होती. बदल आधी एका नोंदवहीत क्रमाने लिहावा आणि मग जागच्या जागी चढवावा. लिनक्समधील एक्स्ट-थ्री ही फाइल-रचना 2001 पासून असे करीत आली. ती दर पाच सेकंदांनी मोकळी होई, म्हणून लोक निर्धास्त झाले. 2008 च्या अखेरीस स्थिर ठरलेल्या एक्स्ट-फोरने जागा ठरविण्याचे कामही लांबणीवर टाकले. 2009 साली यंत्र मध्येच बंद पडल्यावर काहींच्या फाइली शून्य लांबीच्या निघाल्या. प्रणालीचा सांभाळ करणारे थिओडोर त्सो यांचे म्हणणे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी एफसिंक वापरायला हवे होते. नियम त्यांच्या बाजूने होता. नुकसान मात्र त्या वादात नसलेल्याचे झाले. शेवटी प्रणालीनेच काही प्रसंगी लवकर लिहावे, अशी तडजोड निघाली.

सर्वांत विलक्षण गोष्ट 2018 साली उजेडात आली. पोस्टग्रेस हा माहितीसाठ्याचा प्रोग्रॅम एफसिंक फसले तर पुन्हा करून पाही. लिनक्स मात्र पहिल्या वेळी दोष सांगून ते पान लिहिले गेल्यासारखेच समजे. दुसऱ्या वेळी ‘ठीक आहे’ असे उत्तर येई, आणि पान तबकडीवर नसे. वर्षानुवर्षे या उत्तरावर विश्वास ठेवला गेला होता. फेब्रुवारी 2019 पासून पोस्टग्रेसने पुन्हा विचारणे सोडले. असा दोष आला की ते स्वतःला तत्काळ बंद करते, आणि पुन्हा सुरू होताना आपली कीर्द वाचून पाने नव्याने लिहिते.