अलेक्झांडर बेटाचा नकाशा

अलेक्झांडर हे अंटार्क्टिकातील सर्वांत मोठे बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४९,००० चौ. किमी., म्हणजे गोव्याच्या तेरापट आहे. बेटाच्या पूर्वेला अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा पामर लँड हा भाग असून दोहोंमध्ये सुमारे ४८० किमी. लांबीची जॉर्ज सहावा सामुद्रधुनी आहे. या सामुद्रधुनीत पाणी क्वचितच दिसते, कारण तिचा बहुतेक भाग आइस शेल्फने, म्हणजे जमिनीवरून समुद्रात उतरून तरंगत राहिलेल्या जाड बर्फाच्या थराने व्यापलेला आहे. पश्चिमेला विल्किन्स आणि नैर्ऋत्येला बाख हे असेच आइस शेल्फ आहेत. जमीन कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो हे नुसत्या नजरेला कळत नाही. या बेटाच्या नकाशाचा इतिहास लांबला तो मुख्यतः यामुळेच.

रशियन दर्यावर्दी बेलिंग्सहाउझेन याला २८ जानेवारी १८२१ रोजी हा प्रदेश दुरून दिसला. बर्फामुळे जहाजे किनाऱ्यापर्यंत जाऊ शकली नाहीत. त्याने झार पहिला अलेक्झांडर याचे नाव त्या किनाऱ्याला दिले. पुढे शतकभर हा मुख्य भूमीचाच भाग समजला गेला. फ्रेंच संशोधक शार्को याने १९०८–१० च्या मोहिमेत उत्तर किनारा जहाजावरून न्याहाळला, तेथील उंच पर्वतसमूहाला रूआं या फ्रेंच शहराचे नाव दिले आणि जवळ दिसलेल्या एका भूभागाची रॉथ्सचाइल्ड बेट अशी नोंद केली.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात विमान आले. लिंकन एल्सवर्थ याने २३ नोव्हेंबर १९३५ रोजी अंटार्क्टिका ओलांडताना घेतलेल्या छायाचित्रांत बेटाचा पूर्व किनारा आला. पुढच्याच वर्षी जॉन रायमिल याच्या ब्रिटिश मोहिमेतील माणसे कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन सामुद्रधुनीत शिरली आणि दक्षिणेकडे बरेच अंतर गेली. तरी तिचे दुसरे टोक समुद्रात उघडते की नाही, हा प्रश्न राहिलाच. तो डिसेंबर १९४० मध्ये सुटला. अमेरिकन मोहिमेतील फिन रॉने आणि कार्ल एक्लंड घसरगाडीने थेट नैर्ऋत्य टोकापर्यंत पोहोचले आणि अलेक्झांडर हे बेट असल्याचे सिद्ध झाले. शोध लागल्यापासून त्याला ११९ वर्षे उलटली होती.

बेटाच्या अंतर्भागाचा पहिला सविस्तर नकाशा झाला तो रॉने याच्याच १९४७–४८ च्या मोहिमेतील हवाई छायाचित्रांवरून. या मोहिमेने तीन कॅमेऱ्यांची पद्धत वापरली. एक कॅमेरा सरळ खाली रोखलेला आणि दोन तिरके, त्यामुळे एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचा पट्टा एकाच वेळी टिपला जाई. ब्रिटिश सर्वेक्षक डेरेक सर्ल याने १९६० च्या सुमारास या छायाचित्रांवरून नकाशे रेखले. अडचण नियंत्रण बिंदूंची होती. छायाचित्रातील एखादे शिखर पृथ्वीवर नेमक्या कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे हे जमिनीवर मोजलेले नसेल, तर संपूर्ण चित्र सरकते, फिरते किंवा ताणले जाते. असे मोजलेले बिंदू पूर्व किनाऱ्यावर थोडेफार होते. पश्चिमेकडे जवळजवळ नव्हतेच. ही दोन टप्प्यांतील कामे आजही स्थलनामांवरून ओळखता येतात. घसरगाडीने पाहणी झालेल्या पूर्वेकडील हिमनद्यांना मंगळ, शनी, युरेनस, नेपच्यून या ग्रहांची नावे आहेत, तर हवाई छायाचित्रांतून नकाशावर आलेल्या पश्चिम आणि दक्षिण भागात बेटहोवेन द्वीपकल्प, शूबर्ट आणि ब्राम्स खाड्या अशी संगीतकारांची नावे आहेत.

अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडला गेला. सुमारे ९०० किमी. उंचीवरून ध्रुवांजवळून फिरणारा हा उपग्रह दर १८ दिवसांनी त्याच जागेवर येई. त्याची एक प्रतिमा १८५ किमी. रुंदीचा प्रदेश व्यापत असे. प्रतिमेतील एक पिक्सेल सुमारे ८० मी. जागेचा असल्याने बारीक तपशील त्यात येत नसत. पण विमानातून घेतलेली शेकडो छायाचित्रे जोडताना साचत जाणारी चूक एका मोठ्या प्रतिमेत राहत नाही, आणि थोडे नियंत्रण बिंदूही पुरतात. जानेवारी १९७३ आणि १९७४ मधील निरभ्र दिवसांच्या प्रतिमांवरून बेटाचा किनारा आणि पर्वतरांगा नव्याने बसवण्यात आल्या. रॉथ्सचाइल्ड बेटाचे उदाहरण बोलके आहे. शार्कोने ते बेट म्हणून नोंदले. रायमिलच्या मोहिमेने तो अलेक्झांडरला जोडलेला पर्वत मानला. १९३९–४१ च्या अमेरिकन मोहिमेने ते पुन्हा बेट ठरवले. त्याचा आकार आणि जागा मात्र हवाई छायाचित्रांच्या जोडीला लँडसॅटच्या प्रतिमा आल्यावरच निश्चित झाली.

साध्या प्रतिमांना दोन मर्यादा होत्या. ढगांतून आणि ध्रुवीय रात्रीत त्या घेता येत नाहीत, आणि पांढऱ्या बर्फावर चढउतार उमटत नाहीत. पहिली मर्यादा रडार उपग्रहांनी दूर केली. कॅनडाच्या रडारसॅटने १९९७ मध्ये संपूर्ण अंटार्क्टिकाच्या प्रतिमा घेतल्या. दोन वेळच्या रडार प्रतिमा एकमेकींशी ताडून पाहिल्या की भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा बर्फ आणि जमिनीला टेकलेला बर्फ वेगळे ओळखता येतात. या दोहोंमधली सीमा हाच अशा बेटाचा खरा किनारा. दुसऱ्या मर्यादेवर उपाय म्हणजे एकाच जागेच्या दोन कोनांतून घेतलेल्या प्रतिमा. त्यांच्यातील फरकावरून उंची काढता येते. या पद्धतीने तयार झालेले, ८ मी. अंतरावर उंची देणारे अंटार्क्टिकाचे प्रारूप २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी, २०१७ मध्ये, अशाच प्रतिमांवरून सामुद्रधुनीपलीकडच्या पामर लँडमधील माउंट होप शिखर ३,२३९ मी. उंच असल्याचे आढळले. जुन्या नोंदीत ते ३७७ मी. कमी होते. या एका दुरुस्तीने ब्रिटनच्या दाव्यातील अंटार्क्टिक प्रदेशातले सर्वोच्च शिखर बदलले.

उपग्रहांमुळे नकाशा अचूक झाला, तसाच तो बदलताही दिसू लागला. २८ फेब्रुवारी २००८ पासून विल्किन्स आइस शेल्फ मोठ्या प्रमाणावर फुटू लागला. त्याच वर्षी मेअखेरीस, ऐन हिवाळ्याच्या अंधारात, त्याचा आणखी एक तुकडा सुटताना युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहाच्या रडारला दिसला. एप्रिल २००९ मध्ये या शेल्फचा, जवळच्या शार्को बेटापर्यंत पोहोचणारा बर्फाचा अरुंद पूल तुटला. अमेरिकन आणि ब्रिटिश संस्थांनी त्याच वर्षी या भागाचा जो नकाशा काढला, त्यात १९४७ ते २००९ या काळातील बर्फाच्या कडा तारखांसह एकत्र दाखवल्या आहेत. त्यासाठी रॉने याची जुनी हवाई छायाचित्रेही उपयोगी पडली. या बेटाचे पर्वत आणि दऱ्या एकदा नीट रेखल्या की पिढ्यान्‌पिढ्या चालतील. बर्फाच्या कडेचे तसे नाही. तिच्यासमोर तारीख लिहिलेली नसेल, तर तो नकाशा अपुराच समजावा लागतो.