नगरच्या मातीतील ख्रिस्ती कीर्तन

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. बाजाराला माणसे गरजेपोटी जमतात आणि व्यवहार आटोपला की पांगतात. गावाला एके ठिकाणी बसवून ठेवण्याचे कार्य आपल्या भागात पूर्वापार केले ते भजन-कीर्तनाच्या रात्रींनी. श्रीगोंदे ही तर सतराव्या शतकातील संतकवी शेख महंमद यांची भूमी. मुसलमान कुळात जन्मलेल्या या सत्पुरुषाने 'योगसंग्राम' मराठी ओवीत रचला. खेड्याला नाट्यगृह नव्हते. देवळापुढचा मंडप, चावडी आणि पार हीच त्याची कलामंदिरे.

मात्र त्या मंडपात एक उणीव होती. अभंग समतेचे गायले जात, परंतु श्रोत्यांच्या जागा जातीने ठरलेल्या असत. हलगी वाजवणारे हात दूर उभे राहत. ज्या समाजांतून पुढे नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे आली, त्यांना हे कीर्तन ऐकायचे ते लांबूनच.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य नगरला १८३१ साली सुरू झाले. उपासनेतील पुष्कळशी गीते परदेशी चालींवर बेतलेली असत. १८६० नंतरच्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाच्या परिचित साच्यात ख्रिस्तकथा मांडली. कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान येते आणि मध्ये टाळ-मृदंगाच्या साथीने ध्रुपद घुमते. श्रोत्यांना रीत ओळखीची होती. नवी होती ती केवळ वार्ता. ज्यांना पूर्वी दूर राहावे लागे, ते येथे जाजमावर बसले. कीर्तनाचे खरे सामर्थ्य मला या बैठकीत दिसते.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ही वाट रुंद केली. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांच्या कार्याचा मोठा काळ नगरमध्ये गेला. त्यांची शेकडो भजने पंथभेद ओलांडून घरोघर पोहोचली.

कॅथलिकांनाही ही परंपरा परकी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात छापले गेले व देवळांतून वाचले जाऊ लागले. तरीही पवित्र मिस्साची भाषा विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत लॅटिनच राहिली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनाविषयक संविधान प्रसिद्ध केले. त्याने लोकभाषेला वाव दिला आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान द्यावा असे सांगितले. स्टीफन्स यांनी ओवी हाती धरल्याला तेव्हा साडेतीनशे वर्षे होत आली होती!

आज सणाच्या रात्री ध्वनिक्षेपक गर्जतात, वाद्यवृंद येतात, गर्दीही होते. परंतु ऐकणारा ध्रुपद उचलत नाही. तो प्रेक्षक होऊन परततो. कीर्तनात मात्र शेवटच्या रांगेतील म्हातारीचाही आवाज लागतो. ज्यांना शतकानुशतके मंडपाबाहेर ठेवले गेले, त्यांच्या नातवंडांनी आवाज मिटून बसावे, हे दुःखाचे आहे.

कुणाच्या घरी आजोबांची कीर्तनाची वही असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. तिच्या चाली ठाऊक असलेली माणसे हयात आहेत तोवर मुलांना त्यांच्यापाशी बसवा. कागदावर शब्द उरतील. चाल मात्र कंठातूनच कंठात जाते.